तुम्ही विचारलंत म्हणून: एकच शर्यत जिंकलेला माणूस

"४९५ शर्यती धावला आणि जिंकला फक्त एक. मग एवढे मोठमोठे चॅम्पियन सोडून तुम्ही याच माणसाचं काय सांगत बसता?" हे मला इतक्या जणांनी विचारलंय की म्हटलं, एकदा बसून लिहूनच टाकावं. मी नॉर्थ कॅरोलायनात, ग्रीन्सबरोच्या जवळ राहतो. हा सगळा पट्टा स्टॉक कार शर्यतींचं माहेरघर. देशातून पाहुणे आले किंवा मंडळाच्या गणपतीत कुणाशी नवी ओळख झाली, की विषय फिरत फिरत गाड्यांवर येतो. आणि गाड्यांवर आला की माझ्या तोंडून वेंडेल स्कॉटचं नाव निघतंच. बायको तेवढ्यात उठून आत जाते. तिला हे सगळं पाठ आहे.

माझी नोकरी आयुष्यभर गाड्यांच्या कारखान्यात झाली, तीही क्वालिटीत. म्हणजे दुसऱ्यांनी बनवलेली वस्तू कुठे, कधी आणि का मोडेल हे शोधायचं. या कामाने नजरेला एक खोड लागते. शर्यत बघताना सगळे पहिल्या गाडीकडे बघतात, मी दहाव्या-अकराव्या गाडीकडे बघतो. ती गाडी कुणाच्या पैशावर धावतेय, तिचे टायर कितव्या हातचे आहेत, आणि शेवटच्या फेरीपर्यंत ती पोचणार आहे की वाटेतच राम म्हणणार आहे, मला त्याचं कुतूहल. म्हणून स्कॉटच्या हिशेबात लोकांना १ दिसतो, मला १४७ दिसतो. ४९५ पैकी १४७ वेळा हा माणूस पहिल्या दहांत आला. स्वतःच्या खिशातून, स्वतःच्या हातांनी बांधलेल्या जुन्या गाडीत. गाडीवर मेकॅनिकचं नाव लिहायची पद्धत असते. त्याच्या गाडीवर तिथे लिहिलेलं असायचं: 'मेकॅनिक: मी'.

पण आधी हा खेळ काय आहे ते सांगायला हवं, नाहीतर "गोल गोल तर फिरतात, त्यात काय बघायचं" हे ऐकून घ्यावं लागतं.

स्टॉक कार म्हणजे मुळात दुकानात विकायला ठेवलेली साधी गाडी. १९४७ च्या डिसेंबरात फ्लोरिडातल्या डेटोना बीचवरच्या एका हॉटेलात बिल फ्रान्स नावाच्या माणसाने आयोजक, ड्रायव्हर आणि मेकॅनिक मंडळींना बोलावलं आणि त्यातून पुढच्या वर्षी नॅस्कार ही संस्था उभी राहिली. त्या वेळचे बरेचसे ट्रॅक मातीचे, अर्ध्या मैलाचे. बैलांच्या शर्यतीला असतो तसला धुरळा. आणि त्यात उतरणारे कित्येक ड्रायव्हर हातभट्टीवाले. हे मी चेष्टेत म्हणत नाही. अमेरिकेतली दारूबंदी १९३३ मध्ये उठली, पण दारूवरचा कर उठला नाही. त्यामुळे डोंगरात चोरून गाळलेली दारू रातोरात शहरात पोचवायचा धंदा पुढे कित्येक वर्षं तेजीत होता. त्यासाठी गाडी लागायची ती बाहेरून साधी, आतून राक्षस. इंजिन फुगवलेलं, मागचे पाटे कडक केलेले, म्हणजे डिकीत माल भरला तरी मागचा भाग खाली बसत नाही आणि पोलिसाला शंका येत नाही. १९४९ च्या जूनमध्ये शार्लटला नॅस्कारची अगदी साध्या गाड्यांची पहिली शर्यत झाली, ती ग्लेन डनवे नावाच्या ड्रायव्हरने जिंकली. तपासणीत निघालं की गाडी हातभट्टीवाल्याची, मागच्या स्प्रिंगांची करामत तशीच ठेवलेली. त्याचा विजय रद्द झाला आणि दुसऱ्या नंबरच्या जिम रोपरला विजेता ठरवलं. खेळाची सुरुवातच अशी.

स्कॉट याच शाळेतला विद्यार्थी. जन्म २९ ऑगस्ट १९२१, व्हर्जिनियातलं डॅनव्हिल. आमच्याकडून हमरस्त्याला लागलं की तासाभराच्या आत हे गाव येतं, नॉर्थ कॅरोलायनाची हद्द ओलांडली की लगेच. डॅन नदी, काठावर एके काळी प्रचंड कापडगिरणी, आणि तंबाखूचे लिलाव. यादवी युद्ध हरत आलेल्या दक्षिणेकडच्या सरकारने रिचमंड सोडलं तेव्हा १८६५ च्या एप्रिलमध्ये आठवडाभर या गावात मुक्काम केला होता. म्हणून त्या गुलामीवाल्या राज्यसंघाची शेवटची राजधानी ही गावाची ओळख, आणि तिचा अभिमान बाळगणारी माणसं तिथे पुष्कळ होती. अशा गावात कृष्णवर्णीय मुलाने मोठं झाल्यावर काय करायचं, तर गिरणी नाहीतर तंबाखू. दोन्हीकडे मालक गोरा आणि काम सगळ्यात खालचं. स्कॉटने लहानपणीच ठरवलं होतं म्हणतात की यातलं काहीच करायचं नाही. वडील श्रीमंत गोऱ्या कुटुंबांच्या गाड्या चालवायचे आणि दुरुस्त करायचे. पाना धरायला मुलगा त्यांच्याकडूनच शिकला. शाळा अर्धवट सोडली, टॅक्सी चालवली, १९४३ मध्ये मेरीशी लग्न केलं. दुसऱ्या महायुद्धात सैन्याच्या गाड्या दुरुस्त करायला युरोपात गेला. तिथेही पलटणी वेगळ्या, काळ्यांच्या काळ्यांसाठी.

परत येऊन गॅरेज टाकलं. गॅरेजवर घर भागेना, मग रात्री दारूच्या खेपा सुरू. १९४९ मध्ये एकदाच सापडला, तुरुंगात न पाठवता तीन वर्षं नजरेखाली ठेवलं. बाकी डॅनव्हिलच्या पोलिसांनी त्याचा पाठलाग कितीदा केला आणि हात हलवत कितीदा परत आले, त्याची दफ्तरात नोंद नसणार, पण आठवण पक्की होती. कशावरून, ते आता येतं.

१९५२ च्या मे महिन्यात डॅनव्हिलच्या जत्रेच्या मैदानावर शर्यती चालायच्या. नॅस्कारच्या नव्हे, डिक्सी सर्किट म्हणून एक वेगळी मंडळी होती. तिकिटं खपेनात. आयोजकांच्या डोक्यात आलं की एक काळा ड्रायव्हर उतरवला तर लोक गंमत बघायला येतील. मग चांगला काळा ड्रायव्हर कोण, हे विचारायला ते गेले कुठे, तर पोलिसांकडे! आणि पोलिसांनी क्षणाचाही विचार न करता स्कॉटचं नाव सांगितलं. मला या गोष्टीत हा प्रसंग सगळ्यात आवडतो. ज्यांना त्याला पकडायचं होतं, त्यांनीच त्याच्या हाताची ग्वाही दिली. एरवी असं प्रमाणपत्र कोण कुणाला देतं?

त्या पहिल्या शर्यतीत काही प्रेक्षकांनी हुर्यो उडवली, गाडीही वाटेत बसली. पण याला चटक लागली. लगेच गाडी घेऊन विन्स्टन-सेलमला नॅस्कारच्या शर्यतीला गेला. तिथे सांगितलं, गाडी चालेल, पण ती गोऱ्या ड्रायव्हरच्या हातात द्या. काही दिवसांनी हाय पॉइंटला गेला, तिथेही तेच. विन्स्टन-सेलम आणि हाय पॉइंट ही आमची रोजची गावं. हाय पॉइंटला फर्निचर बघायला जातो आम्ही. तिथून हा माणूस रिकाम्या हाताने, डोळ्यांत पाणी घेऊन गाडी परत ओढत डॅनव्हिलला गेला. त्याने हे नंतर स्वतःच सांगितलंय. त्याच पहिल्या पंधरवड्यात लिंचबर्गला डिक्सीवाल्यांकडे तो नवशिक्यांची एक छोटी फेरी जिंकला, आणि मग मागे वळून बघायचा प्रश्नच उरला नाही.

नॅस्कारचं लायसन्स त्याला मिळालं बहुधा १९५३ मध्ये, रिचमंडच्या ट्रॅकवर, आणि तेही खालच्या पातळीवरच्या एका अधिकाऱ्याकडून. त्याने बजावलं की आमच्याकडे आजवर काळा ड्रायव्हर झालेला नाही, तुम्हाला धक्के खावे लागतील. स्कॉट म्हणाला, खाईन. मुख्यालयाला विचारण्याच्या भानगडीत तो अधिकारी पडला नसावा असं वाटतं. दारं पुष्कळदा अशीच उघडतात. वर विचारलं असतं तर उत्तर काय आलं असतं, हे तुम्ही आम्ही समजू शकतो.

१९५४ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या रॅली शहरात एक मजा झाली. लांबून आलेल्या ड्रायव्हरांना आयोजक पेट्रोलपुरते १५ डॉलर देत होता. गोऱ्यांना दिले, स्कॉटला नाही. स्कॉट थेट बिल फ्रान्सपुढे जाऊन उभा राहिला. फ्रान्सने सांगितलं की तू नॅस्कारचा सभासद आहेस आणि सभासदासारखीच वागणूक तुला मिळेल. वर खिशात हात घालून १५ च्या जागी ३० डॉलर काढून दिले. स्कॉट हे सांगायचा तेव्हा कौतुकाने सांगायचा. माझं मत जरा कडू आहे. तीस डॉलर खरे होते, वचन अर्धंमुर्धं. पुढे दक्षिण कॅरोलायनातल्या डार्लिंग्टनच्या मोठ्या ट्रॅकने त्याला वर्षानुवर्षं उभं केलं नाही, तेव्हा संस्थेने काही आकाशपाताळ एक केलं नाही. हाच फ्रान्स १९७२ मध्ये जॉर्ज वॉलेसच्या प्रचारात होता. वर्णभेद कायम राहील असं छातीठोक सांगून निवडून आलेला अलाबामाचा गव्हर्नर तो हाच वॉलेस. माणसं एकाच वेळी दोन्ही असतात, खिशातून तीस डॉलर काढणारी आणि हेही करणारी.

मार्च १९६१ मध्ये स्पार्टनबर्गला स्कॉट वरच्या वर्गात, ग्रँड नॅशनलमध्ये उतरला. आता माझ्या आवडीचा भाग.

तेव्हा या वर्गात दोन जाती होत्या. एक कारखान्याच्या पाठबळावर धावणारे. फोर्ड, क्रायस्लर या कंपन्या त्यांना गाड्या, इंजिनं, माणसं पुरवायच्या. दुसरे स्वतंत्र, म्हणजे ज्यांचं कुणी नाही ते. स्कॉट दुसऱ्यांतला, आणि त्यातही तळाचा, कारण इतर स्वतंत्रांना निदान गावातला एखादा गाडीविक्रेता किंवा टायरवाला पैसे लावायला तयार व्हायचा. काळ्या माणसाच्या गाडीच्या दारावर दक्षिणेत कोण आपल्या दुकानाचं नाव लावणार? त्यामुळे गाडी सेकंडहँड. नेड जॅरेट हा मोठा ड्रायव्हर. तो फोर्डकडे गेल्यावर त्याची १९६२ सालची शेव्हर्ले बेल एअर स्कॉटने विकत घेतली. निळा रंग, नंबर ३४. त्यातही १९६३ च्या सुरुवातीला जनरल मोटर्सने शर्यतींतून अंग काढून घेतलेलं, म्हणजे शेव्हर्लेच्या खास सुट्या भागांचीही मारामार. टायर बड्या संघांनी काढून टाकलेले. पिटमध्ये, म्हणजे शर्यत चालू असताना गाडी थांबवून टायर-पेट्रोल बघायच्या जागी, मदतीला मुलं, वेंडेल ज्युनियर आणि फ्रँक, आणि एखादा मित्र. जेवणाचे डबे घरून, कारण वाटेतली हॉटेलं आत घेत नसत. मुक्काम बहुतेकदा गाडीतच.

आता हिशेब बघा. १९६४ च्या हंगामात ६२ शर्यती होत्या. बासष्ट! आठवड्याला एक, कधी दोन. स्कॉट त्यातल्या पन्नासहून जास्त धावला. छोट्या ट्रॅकवर विजेत्याला हजार डॉलरच्या आसपास मिळायचे, दहाव्याला त्याचा लहानसा तुकडा. त्या तुकड्यातून पेट्रोल, टायर, इंजिनाच्या रिंगा, गॅस्केटं आणि घरचा किराणा. दुसरं इंजिन जवळ नाही. इंजिन उडालं तर आजची शर्यत गेली एवढ्यावर भागत नाही. पुढच्या आठवड्याची जाते, तिचं बक्षीस जातं, आणि त्या बक्षिसातून जे दुरुस्त करायचं ते राहतं. असा फास.

अशा माणसाची चालवण्याची रीतच वेगळी होते. कारखान्याचा ड्रायव्हर वळणात शेवटच्या क्षणापर्यंत पाय दाबून ठेवतो. इंजिनाचे फेरे लाल रेघेला भिडवतो. व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा तुटल्या तर तुटल्या, रात्री दुसरं इंजिन बसेल. स्वतंत्र ड्रायव्हर वळणाच्या थोडं आधी पाय सैल करतो. तेवढ्याने प्रत्येक फेरीत थोडासा वेळ जातो, पण ब्रेकचे लायनर वाचतात, उजव्या बाजूचे टायर वाचतात. (गोल ट्रॅकवर गाडी सदा डावीकडे वळते, त्यामुळे सगळा भार उजवीकडच्या टायरांवर.) मातीच्या ट्रॅकवर शंभर फेऱ्यांनंतर चाकोऱ्या पडतात, खड्डे होतात. पुढे घुसणारे त्या खड्ड्यांत शॉक अॅब्सॉर्बर आणि अॅक्सल तोडून घेतात. स्कॉट मात्र कान इंजिनाकडे लावून, त्या चाकोऱ्या चुकवत, एकेकाला वाटेत पडताना बघत वर सरकतो. सुरुवातीला विसावा, संपताना नववा. मला कारखान्यात चांगला ऑपरेटर ओळखायला हीच खूण उपयोगी पडायची. मशीन बंद पडायच्या आधी ज्याला आवाजातला फरक कळतो तो. स्कॉटला तो कळत होता, कारण ते इंजिन रात्री त्यानेच खोलून परत बांधलेलं असायचं.

आणि या रीतीला गुणपद्धतीची साथ होती. वर्षाचे गुण सगळ्या शर्यती मिळून. जो नियमाने येतो आणि शेवटपर्यंत टिकतो त्याचे साठत जातात. १९६६ मध्ये स्कॉट संपूर्ण अमेरिकेत सहावा आला. पुढची सलग तीन वर्षंही पहिल्या दहांत. त्या दहांतल्या इतरांच्या गाड्या आणि याची गाडी शेजारी उभी केली असती, तर पोराटोरांनीही सांगितलं असतं की ही चुकून इथे लागलीय.

आता ती एक जिंकलेली शर्यत. ती सांगितल्याशिवाय तुम्ही सोडणार नाही, माहीत आहे.

१ डिसेंबर १९६३, फ्लोरिडातलं जॅक्सनव्हिल. केनेडींच्या हत्येला दहा दिवसही झाले नव्हते. त्याच उन्हाळ्यात डॅनव्हिलला, स्कॉटच्या गावात, समान हक्कांसाठी निघालेल्या मोर्चावर पोलिसांनी पाण्याचे फवारे आणि दंडुके चालवले होते. देशाची हवा अशी. अर्ध्या मैलाचा मातीचा ट्रॅक, २०० फेऱ्या. रिचर्ड पेटी, जो पुढे या खेळाचा राजाच झाला, तो पुढे होता, पण त्याची गाडी कुरकुरायला लागली. शेवटच्या पंचवीसेक फेऱ्या उरल्या असताना स्कॉटने त्याला मागे टाकलं आणि पुढेच राहिला. दोनशे फेऱ्या झाल्या. चौकटींचा झेंडा पडायला हवा होता, पडला नाही. स्कॉट फिरत राहिला. आणखी दोन फेऱ्या झाल्यावर झेंडा पडला तो बक बेकर या गोऱ्या ड्रायव्हरसाठी. ट्रॉफी, फोटो, टाळ्या, सगळं बेकरला.

तेव्हा फेऱ्या हाताने मोजायचे. प्रत्येक गाडीमागे एक माणूस कार्ड घेऊन बसलेला, गाडी समोरून गेली की घड्याळ बघून खूण. त्यात चुका व्हायच्या, गोऱ्या ड्रायव्हरांच्या बाबतीतही व्हायच्या, हे मान्य करायला हवं. पण स्कॉटने तक्रार केली, कार्डं तपासली गेली, आणि सुमारे दोन तासांनी, मैदान रिकामं झाल्यावर, जाहीर झालं की स्कॉट जिंकला होता. तेही बेकरच्या दोन फेऱ्या पुढे! शेवटच्या घासातली चूक समजू शकते. दोन अख्ख्या फेऱ्यांची चूक व्हायला बरीच मेहनत लागते. विजेत्याने सुंदर पोशाखातल्या मुलीकडून ट्रॉफी घ्यायची आणि तिच्या गालावर ओठ टेकवायचे अशी तेव्हाची रीत होती. ती मुलगी गोरी. हे दृश्य हजारो लोकांपुढे घडू नये म्हणून हा सगळा गोंधळ, असं स्कॉट कुटुंबाचं म्हणणं. मला ते पटतं.

बक्षिसाचे पैसे मिळाले. ट्रॉफी बेकरबरोबर गेलेली, ती काही परत आली नाही. नंतर महिनाभराने नॅस्कारने स्कॉटला लाकडाचा एक स्वस्तातला ठोकळा दिला. बास.

लोक ही गोष्ट ऐकतात, हळहळतात, आणि त्यांच्या लेखी स्कॉट तिथे संपतो. माझी तक्रार एवढीच की एका दुपारच्या अन्यायाखाली बाकीच्या ४९४ दुपारी दडपल्या जातात. त्याला स्वतःलाही ट्रॉफीची खंत होती, कुणाला नसेल? पण दुसऱ्या दिवशी तो गाडी ओढत घरी गेला आणि बोनेट उघडून कामाला लागला, कारण पुढची शर्यत होती.

साठच्या दशकाच्या शेवटी खेळ बदलला. डेटोनाचा अडीच मैलांचा उंच वळणांचा डांबरी ट्रॅक १९५९ चाच, १९६९ मध्ये अलाबामात त्याहून मोठा टॅलाडेगा आला. या ट्रॅकांवर पाय सैल करून गाडी वाचवायची सोय नाही. तिथे नुसती ताकद लागते, आणि ताकद म्हणजे पैसा. स्कॉटने बरेच पैसे घालून एक बरी मर्क्युरी उभी केली आणि मे १९७३ मध्ये टॅलाडेगाला उतरला. साठ गाड्या सुटल्या होत्या. सुरुवातीलाच कुणाचं तरी इंजिन फुटलं, ट्रॅकवर तेल सांडलं, आणि वीसेक गाड्या एकमेकींवर आदळल्या. स्कॉटचं ओटीपोटाचं हाड मोडलं, बरगड्या मोडल्या, गाडीचा चेंदामेंदा. वय ५१. त्याच ऑक्टोबरात तो पुन्हा शार्लटला आला, एक शेवटची शर्यत धावला. बारावा. मग गॅरेज.

पुढचं थोडक्यात. १९७७ मध्ये त्याच्यावर हॉलिवूडने रिचर्ड प्रायरला घेऊन सिनेमा काढला. २३ डिसेंबर १९९० ला डॅनव्हिललाच तो गेला, पाठीच्या कण्याचा कर्करोग होता. २०१३ मध्ये व्हर्जिनिया सरकारने गावात त्याच्या नावाची पाटी लावली. तिच्यावर १४७ हा आकडा कोरलाय, मला त्याचा फार आनंद झाला. २०१५ मध्ये नॅस्कारच्या हॉल ऑफ फेममध्ये त्याला जागा मिळाली, तिथला पहिला कृष्णवर्णीय. आणि २०२१ च्या ऑगस्टमध्ये, ५८ वर्षं उशिरा, नॅस्कारने डेटोनाला जॅक्सनव्हिलच्या विजयाची ट्रॉफी कुटुंबाच्या हाती दिली. त्यानंतर काही आठवड्यांतच बबा वॉलेस टॅलाडेगाला जिंकला. वरच्या वर्गात स्कॉटनंतर जिंकणारा पहिला काळा ड्रायव्हर. अडनाव वॉलेस, राज्य अलाबामा. योगायोग कधीकधी फार चावट असतात.

एवढं ऐकल्यावर हुशार पाहुणा दुसरा प्रश्न टाकतोच: "पण चांगली गाडी मिळाली असती तर तो खरंच जिंकला असता का? की ही नुसती सहानुभूती?" रास्त प्रश्न आहे, आणि त्याला मी जर-तरचं उत्तर देत नाही. नॅस्कारमध्ये खालच्या पातळीवर स्पोर्ट्समन नावाचा वर्ग होता. जुन्या गाड्या, इंजिनावर मर्यादा, कारखान्यांना त्यात रस नाही. गाडी ज्याने त्याने आपल्या गॅरेजात बांधायची, म्हणजे एकाच्या आणि दुसऱ्याच्या गाडीत पैशाचा फरक फारसा पडायचा नाही. हात ज्याचा चांगला तो पुढे. स्कॉट वरच्या वर्गात जाण्याआधी काही वर्षं तिथे धावत होता. १९५९ मध्ये त्या वर्गाचा व्हर्जिनिया राज्याचा चॅम्पियन तोच होता, आणि रिचमंडच्या साउथसाइड स्पीडवेवर त्या हंगामात विजेतेपदही त्याचंच.